कृष्णिकेची गोधडी

पनवेल
३ फेब्रुवारी २०२५

श्री. दिनानाथराव यांस,
सप्रेम नमस्कार.

काल मी तुम्हाला फोन केला होता. मी म्हणाले, "सामान पंधराला पाठवते." तुम्ही म्हणालात, "हो हो, हनुमानाच्या देवळातच भेटू." मी म्हणाले, "कानाला मशीन लावा." तुम्ही म्हणालात, "छे, आता कसली शिवण?" तेव्हा मी फोन ठेवला. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला तरी अख्ख्या जिल्ह्याचं बोलणं मी जोडून देत होते. पण माझ्याच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याशी मला दोन वाक्यं सरळ बोलता येत नाहीत. यापुढे पत्र. कागदावर ओरडावं लागत नाही.

आमची इमारत पाडून नवी बांधणार आहेत. ३१ मार्चच्या आत घर रिकामं करायचं. बिल्डर तळोज्याला चौदाव्या मजल्यावर जागा देतो आहे. मी बघून आले. खिडकीतून समोरच्या इमारतीचा चौदावा मजला दिसतो, आणि तिथली बाई आपल्याकडे बघत असते.

रंगू गेल्याला तीन वर्षं झाली. दर गणपतीत तुम्ही म्हणता, "केसरताई, पूर्वेची खोली रिकामी आहे." दर वेळी मी नाही म्हटलं. या वेळी हो म्हणते. १५ मार्चला येईन, कायमची.

लगेच हुरळून जाऊ नका. रंगूच्या वस्तू जिथे आहेत तिथेच राहतील: तिचं कपाट, तिची भांडी, आणि जायच्या आदल्या वर्षी तिने शिवलेली गोधडी. त्यांना कोणी हात लावायचा नाही. आणि मला सकाळी सहाला आंघोळीला कढत पाणी लागतं. ही चैन नव्हे, माझे गुडघे एकाहत्तर वर्षांचे आहेत. जेवताना तुम्ही विज्ञान शिकवता, तेही बंद.

आपली,
केसर


नागाव
१० फेब्रुवारी २०२५

ती. केसरताईंस,
साष्टांग नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं, आनंदाने. आवाजाच्या लहरी माझ्या कानाच्या दारापर्यंत येतात आणि घरात कोणी नाही असं समजून परत जातात. प्रकाशाच्या लहरींशी माझं अजून बरं आहे, तेव्हा पत्र हेच उत्तम.

पूर्वेची खोली धुऊन घेतली. तुमच्या अटी मान्य आहेत. (जेवतानाची अवघड आहे, पण प्रयत्न करीन.) पाण्याची मात्र मला आधी काळजी वाटली. सकाळी सहाला शेजारच्या परेशच्या होमस्टेतले सगळे पाहुणे एकदम गीझर लावतात, आणि आमच्याकडे दिवासुद्धा झोपेतून उठल्यासारखा मिणमिणतो. चूल पेटवली तर धुराने बायजाचे डोळे सुजतात. वाडीचं सगळं तीच बघते, तिचे डोळे मला हवे आहेत.

पण आता काळजी मिटली. घरात कृष्णिका आहे.

तुम्ही आल्यावरच तिची ओळख करून द्यावी असं मनात होतं, पण राहवत नाही. सगळी नोकरी तिच्याबद्दल फक्त बोलण्यात गेली. घरात आणायचं धाडस सत्तरीत झालं. तिचा गुण असा, की समोरून जे येईल ते ती मुकाट्याने आत घेते, काही परतवून लावत नाही. आणि जितकं घेते तितकंच द्यायची तिची तयारी असते. चकचकीत असतात त्यांचं तसं नसतं. त्या आलेलं सगळं तोंडावर परत फेकतात. रंगूला चकचकीतच आवडायचं, पण मला ते कधी फारसं उपयोगाचं वाटलं नाही. ही काळीकुट्ट आहे, आणि तेच तिचं मोठेपण. दुपारी नुसता हात जवळ नेला, न लावता, तरी तिची ऊब कळते. मध्ये काही लागत नाही, हवासुद्धा नाही. सूर्याची ऊब आपल्यापर्यंत येते, तशीच.

दोष एकच. दिवस मावळला की तितक्याच उत्साहाने ती गार पडते. म्हणून मी तिला रंगूची गोधडी पांघरतो. तुमची अट मोडली हे खरं, पण रंगू असती तर तिनेच काढून दिली असती.

गावात अजून कोणाला सांगितलेलं नाही. लोक हसतात.

आपला,
दिनानाथ


पनवेल
१५ फेब्रुवारी २०२५

बायजा,

हे पत्र मास्तरांना दाखवायचं नाही. वाचून झालं की चुलीत घाल.

मला एवढंच सांग, घरात कृष्णिका नावाची कोणी आहे का? कधीपासून? कुठली? दिवसभर काय करते? रंगूची गोधडी तिच्या अंगावर तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलीस का? जे असेल ते खरं लिही. मला चटकन धक्का बसत नाही, मी एक्स्चेंजमध्ये होते.

केसरबाय


नागाव
तारीख ठाव न्हाय, बुधवार

केसरबाय, रामराम.

रंगूबायनं मला वाडीत पाटीवर अक्षरं शिकवली. पहिलं पत्र तुमालाच जाईल आसं वाटलं नवतं. चुकलं तर हसू नका.

तुमी इचारलं म्हणून सांगते, ती हाय का? व्हय, हाय. तुमचं पत्र आलं त्याच दिशी मास्तरांनी तिला भायेर काढली. कुठली म्हणाल तर तुमच्याच माहेरची. वय मातुर मला ठाव न्हाय.

सकाळी मास्तर तिला कवेत उचलून वर स्लॅबवर नेतात. मी म्हटलं, मास्तर, कंबर मोडंल. तर म्हणतात, बायजा, तिच्यासाठी येवढं केलंच पायजे. वर दिवसभर ती काचेच्या आड बसून आसते. वादळात चार माड पडले ना, तवापास्नं तिथं ऊन लय. मास्तर तासातासाला जाऊन तिला बगून येतात नि वहीत कायतरी लिवतात. खात काय न्हाय. पानी मातुर पोटभर. तोंडातनं शबूद न्हाय, मास्तरांना तर कान न्हायत, त्यामुळं दोगांचं बरं चाललंय. मास्तरांची आंगोळ सगळी तिच्याच भरवशावर.

गोदडी? व्हय. मीच डोळ्यानं बगितली. मास्तर सोता गळ्यापत्तुर पांगरून देतात.

मी जास्ती काय बोलत न्हाय. तुमी लवकर या, आल्याबिगर कळायचं न्हाय.

तुमची,
बायजा


पनवेल
२४ फेब्रुवारी २०२५

श्री. दिनानाथ यांस,

"राव" मुद्दाम गाळलं आहे.

तुमचं पत्र मिळालं, आणि दुसरीकडूनही खात्री करून घेतली. कुठून ते विचारू नका. तेव्हा "तुमचा गैरसमज झाला" असं लिहायच्या फंदात पडू नका.

तुमचं आयुष्य आहे. माणसाला एकटेपणा येतो, हे मला कोणी शिकवायला नको. तुम्ही चार लोकांसमोर, रीतसर, एखादी समवयस्क बाई घरी आणली असती तर मी लुगडं घेऊन आले असते. पण मला खोली देतो म्हणून बोलवायचं, आणि माझा होकार पोचला त्याच दिवशी हिला भायेर (हा शब्द माझा नव्हे) काढायचं! वर मला लिहायचं, की तुमच्या आंघोळीच्या पाण्याची आता सोय झाली! म्हणजे ती बाई पहाटे उठून माझं पाणी तापवणार, आणि मी गरम पाण्याने आंघोळ करून तिला आशीर्वाद देणार?

ती माझ्याच माहेरची आहे असंही कळलं. आमच्या माहेरात कृष्णिका नावाची कोणी नाही. मी तीन पिढ्यांची नावं काढून बसले. एक कृष्णाबाई होती, ती मी जन्मायच्या आधीच गेली. तेव्हा नावही खोटंच असणार.

"आलेलं सगळं तोंडावर परत फेकतात" हे कोणाबद्दल लिहिलंय ते कळलं. माझी बहीण जन्मभर तुमचं सगळं आत घेत राहिली. आणि तिच्यामागे तुम्ही लिहिता, की चकचकीत तुम्हाला उपयोगाचं वाटलं नाही!

सत्तरीचा माणूस एका मुक्या बाईला उचलून स्लॅबवर नेतो, दिवसभर उन्हात काचेआड बसवतो आणि वहीत नोंदी करतो. हे प्रेम असेल तर त्याची पोलीस तक्रार होऊ शकते.

मी तळोज्याला जाते आहे. चौदाव्या मजल्यावर. फक्त गोधडी पोस्टाने पाठवा. धुऊन.

केसर


नागाव
१ मार्च २०२५

ती. केसरताईंस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या रागाचं कारण मला समजलं, आणि तो योग्यच आहे. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. होय, तिला मीच काळं केलं. आधी काजळी लावून पाहिली, ती पुसली जायची. मग शाळेतून निवृत्त होताना उरलेला फळ्याचा काळा रंग माळ्यावर होता, त्याचे दोन हात दिले. चकाकी असलेला रंग चालत नाही, फळ्याचाच हवा.

तुमच्या आईने लग्नात रंगूला दिलेली तांब्याची घागर म्हणजे तुमच्याही जिव्हाळ्याची वस्तू. ती अशी काळी करताना मला ते कळत होतं. पण एक सांगतो. रंगू दर शनिवारी ती आमसुलाने घासायची, आरशासारखी करायची. बूड मात्र कधी घासत नसे. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "खालचं काळं काढलं तर पाणी तापायला वेळ लागतो." मी बी.एस्सी. झालेला माणूस. काळं पटकन उष्णता घेतं, चकचकीत ती परतवतं, हे सकाळी वर्गात शिकवून आलो होतो. घरात ते आधीपासूनच माहीत होतं. मी फक्त तिचं काळं बुडापासून गळ्यापर्यंत नेलं.

जुन्या खिडकीची काच वापरून लाकडी पेटी केली आहे. सूर्याचा प्रकाश काचेतून आत येतो, घागर तापते, आणि तापल्यावर ती जी ऊब टाकते तिच्या लहरी लांब असतात. त्यांना काच बाहेर जाऊ देत नाही. बाजूने बिस्किटांच्या डब्यांचे पत्रे लावले आहेत. दुपारी चारला छप्पन्न अंश होतात. हे सगळं तुमच्या गुडघ्यांसाठी. पण सकाळपर्यंत गोधडीतही जेमतेम कोमट उरतं, ही माझी हार.

तुम्ही बाई, आशीर्वाद, पोलीस असं जे लिहिलंय ते मला नीट लागलं नाही. विनोद असावा.

आपला,
दिनानाथ

ता.क. हे पत्र बंद करत होतो तेवढ्यात बायजा आली. मी तिला तुमचा "पोलीस" वाचून दाखवला, तर ती हसत हसत ओटीवर खालीच बसली. तिच्याकडून आत्ता कळलं. केसरताई, कृष्णिका हे बाईचं नाव नव्हे! जो पदार्थ पडलेला सगळा प्रकाश शोषून घेतो त्याला आमचे पेणचे सर कृष्णिका म्हणायचे, मीही मुलांना तेच शिकवलं. तुम्हाला खरोखर वाटलं, की मी? या वयात? या कानांनी? मी आज आरशात दोनदा पाहिलं. मनापासून आभार.


पनवेल
६ मार्च २०२५

दिनानाथराव,

मला पहिल्यापासून माहीत होतं. मी तुमची परीक्षा घेत होते.

बरं, नव्हतं माहीत. ब्लॅक बॉडी म्हणायला काय झालं होतं? आम्ही सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या, आम्हाला ब्लॅक बॉडीच कळतं, आणि ब्लॅक बॉडी कोणाच्या गोधडीत शिरत नाही. तुमचे पेणचे सर तरुणपणी कोणाच्या प्रेमात होते का, ते शोधा. विज्ञानातल्या वस्तूला असं नाव देणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. बायजाला सांगा, मी येते आहे आणि मला सगळं आठवतं. "माहेरची" म्हणे!

आता दुसरा राग. हा पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण याला आधार आहे. आईच्या घागरीला फळ्याचा रंग! आईने एकाच तांबटाकडून दोन घागरी करून घेतल्या होत्या. एक रंगूला लग्नात दिली. दुसरी मला दिली, लग्न न करताच. "तू मागशील तेव्हा भांडशील, त्यापेक्षा आत्ताच घे," म्हणाली. माझी माझ्याकडे आहे. आजही तिच्यात बघून कुंकू लावता येईल.

आणि चकचकीत उपयोगाचं नसतं, हे तुम्ही जन्मभर मुलांना शिकवलंत? आमच्या सिस्टर बर्नडेट आम्हाला फिजिक्स शिकवत नसत, मुलींना गृहविज्ञान पुरे, असं तेव्हाचं मत होतं. पण चहाची किटली चांदीची का असते, हे त्यांनी पट्टीने हातावर शिकवलं. जे पटकन घेतं ते पटकन टाकतं. जे बाहेरचं आत घेत नाही ते आतलंही बाहेर जाऊ देत नाही. मग तुमचं पाणी सकाळी गार होणार नाही तर काय? तुम्ही दिवसाचा विचार केलात. पहाटे सहाचा केला नाहीत, कारण गुडघे माझे आहेत.

पैज लावते. माझी घागर घेऊन १५ तारखेला येते. तळोज्याला अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही. संध्याकाळी दोन्ही घागरींत सारखंच गरम पाणी भरायचं, झाकण लावायचं, गोधडी कोणालाही नाही. सकाळी सहाला तुमचा थर्मामीटर, आणि पंच म्हणून बायजा, कारण ती कोणाच्याच बाजूची नाही हे सिद्ध झालं आहे. तुमची गरम निघाली तर मी तळोज्याला जाईन, आणि जाण्याआधी आठ दिवस जेवताना तुमचं विज्ञान ऐकेन. माझी गरम निघाली तर मी राहीन, गोधडी माझी, आणि माझ्यासमोर कृष्णिका हा शब्द पुन्हा काढायचा नाही.

केसर


नागाव
११ मार्च २०२५

ती. केसरताईंस,
साष्टांग नमस्कार.

पैज मान्य. नियमही मान्य.

एक कबुली आत्ताच देऊन ठेवतो. या पैजेचा निकाल विज्ञानाच्या कोणत्याही मास्तराला आधीच माहीत असतो. मलाही आहे. तरी मी ती घेतो आहे. याचा अर्थ तुम्हाला हवा तो काढा.

आपला,
दिनानाथ


पूर्वेची खोली, नागाव
१८ मार्च २०२५, सकाळी साडेसहा

दिनानाथराव,

तुम्ही ओटीवर पेपर वाचत बसलेले मला खिडकीतून दिसता. ओरडून सांगितलं असतं, पण परेशच्या पाहुण्यांना निकाल तुमच्याआधी कळला असता. म्हणून बायजाच्या हाती देते आहे.

काल तुमच्या घागरीतलं आणि चुलीवरचं पाणी एकत्र करून दोन्ही भरल्या तेव्हा दोन्हींत छप्पन्न होतं. तुम्ही स्वतः वहीत लिहिलंत. रात्रभर दोघी मागच्या पडवीत फळीवर शेजारीशेजारी होत्या. आज सहाला बायजाने झाकणं काढली. तुमच्या काळीत अठ्ठावीस. त्याहून विहिरीचं पाणी काय वाईट? माझीत छत्तीस. बायजा म्हणाली, "केसरबायची घागर बी केसरबायसारखीच, काय सोडीत न्हाय." तिला मी नंतर बघून घेईन.

आंघोळ झाली. कढत नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण गुडघे वाकले. आजपासून असं करा: दिवसभर तुमची वर तापू दे, दिवस मावळला की पाणी माझीत ओता, आणि माझी भाताच्या पेंढ्याने भरलेल्या करंडीत बसवा. हे तुमच्या कोणत्या पुस्तकात आहे ते सांगू नका.

आणखी एक. परवा दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी चाकू घेऊन स्लॅबवर गेले होते. फळ्याचा रंग खरवडून काढायचा माझा विचार पक्का होता. काच बाजूला केली आणि हात जवळ नेला. लावला नव्हता, तरी ऊब लागली. लहानपणी रंगूला ताप आला की शेजारी झोपून असंच कळायचं, हात न लावता. मग चाकू स्वयंपाकघरात ठेवून आले. कांदा कापायला घ्या, धार आहे.

गोधडी माझ्या पलंगावर आहे. तुमची काळी आता रात्री रिकामी असणार, तिला पांघरुणाची गरज नाही. मला आहे.

तळोज्याला नाही म्हणून कळवलं. कधी ते विचाराल, तर सहा तारखेलाच, तुम्हाला पत्र टाकलं त्याच पेटीत. तेव्हा निकाल आधी माहीत असलेले तुम्ही एकटेच नव्हता.

वहीत आकडा नीट मांडा. छत्तीस. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून, पण एका घरात. आपल्याला शोभतो.

केसर

ता.क. चहा तुम्ही ठेवा. आणि मागच्या पडवीत बायजा अजून हसते आहे. तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुमचं नशीब.